लॉजवरची गोधडी

घासलेटचा वास आला की मला इंदूरचं ते स्वस्तातलं लॉज आठवतं. मध्यभारत राज्याचे दिवस होते, वडील उज्जैनला गिरणीत होते आणि आम्ही सहा जण एका खोलीत निजायचो. मी कॉलेजला निघालो तेव्हा आईनं दोन लुगड्यांतलं एक फाडून, वडिलांची जुनी धोतरं आत घालून मला गोधडी शिवून दिली. लॉजच्या खाटांत ढेकूणच ढेकूण, पण मालक मलाच म्हणाला, “भिया, ये खटमल तुम्हारी गोदड़ी लाई है. या तो इसको उबालो, या सामान उठाओ.” मी म्हटलं, “साहेब, ढेकूण तर मी यायच्या आधीपासून आहेत.” तो हसला, “तो क्या मैंने पाले हैं?” परीक्षा आठवड्यावर आली होती, दुसरीकडे जागा नव्हती. सोड्याच्या उकळत्या पाण्यात मी स्वतःच गोधडी टाकली. टाके सुटले, काठीला नुसत्या चिंध्या लागल्या. खाटेला घासलेट लावून मी गोधडीशिवायच परीक्षेचे दिवस काढले. ढेकूण काही गेले नाहीत. सुटीत आईनं विचारलं, “गोधडी कुठंय रे?” “लॉजवरच ठेवली, तिथं थंडी फार.” ऐकून तिला केवढं बरं वाटलं. आज घरात जाड रजया आहेत, तरी थंडीत जीव त्या गोधडीसाठीच तुटतो. त्या परीक्षेत मी पास झालो, आणि पुढे बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला.