रुमाल टाकलेली सीट

मी डायरीत फक्त ऑफिसची बस किती वाजता आली एवढंच लिहायचो. पण ज्या बसमध्ये वानखेडे साहेब बसतात, तिथं नुसती वेळ लिहून भागत नाही! समासात किस्से साचत गेले, मग समास पुरेना.

रायपूरहून नव्या राजधानीतल्या ऑफिसात ही बस जाते. वानखेडे पंडरीला चढायचे, मी पुढच्या स्टॉपवर. शेजारच्या सीटवर त्यांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल माझ्यासाठी टाकलेला असायचा. कोणी बसायला आलं की म्हणायचे, "थांबा भाऊ, पुढच्या स्टॉपवर येऊन राहिले!"

*

त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल टोरांटोला गेला आणि साहेबांच्या उजव्या मनगटावर दुसरं घड्याळ आलं. डावीकडे रायपूर, उजवीकडे टोरांटो. सकाळी नऊला बसमध्ये कोणी मोठ्यानं हसलं की लगेच, "हळू ना भाऊ! पोट्टा आत्ताच झोपला."

आमचा ड्रायव्हर साहू भैया म्हणाला, "हव साहब, हॉर्न घलो नइ बजावंव."

आणि तेलीबांध्यापर्यंत एका गाईच्या मागे हॉर्न न वाजवता बस चालवली!

*

निखिल पहिल्यांदा जाणार होता तेव्हाची गोष्ट. बॅगेला तेवीस किलोची मर्यादा. घरी काटा नाही, म्हणून वहिनींनी दारावरच्या रद्दीवाल्याला थांबवून त्याच्या काट्यावर बॅग टांगली. सव्वीस भरली. रद्दीवाला विचारतो, "दीदी, किस भाव में दोगी?"

वहिनींनी बॅग उघडली आणि जाड जाकीट बाहेर काढलं. कुरड्यांचा डबा जागच्या जागी.

"अवं, तिथं बर्फ पडते!" साहेब ओरडले.

"थंडी तं तिथं सगळ्यायलेच वाजते. कुरड्या कोणाच्या घरी हायत?"

*

निखिल रायपुरातच वाढला. आईनं मराठीत विचारायचं, यानं हिंदीत उत्तर द्यायचं, हे वीस वर्षं चाललं. टोरांटोला जाऊन सहा महिने झाले आणि एकदा फोनवर आवाज आला, "आई, काय करून राहिली?"

वहिनींनी घाबरून फोन साहेबांच्या हातात दिला. "अहो, पाहा बरं, पोट्ट्याले काही झालं का?"

*

साहेबांची रिटायरमेंट जवळ आली. निखिल रोज म्हणायचा, "बाबा, आता दोघंही इकडेच या, कायमचे." व्हिसाही आला. बसमध्ये दोन पक्ष पडले, 'जा'वाले आणि 'राहा'वाले. साहेब दोन्हीकडून मत द्यायचे!

एक दिवस मला म्हणाले, "नवं राज्य झालं तेव्हा मी नोकरीसाठी इकडं आलो. निखिल कडेवर होता. आमचे बाबा आर्वीच्या स्टँडवर सोडाले आले. म्हणे, 'दुसरं राज्य झालं म्हणते तिकडं. पासपोर्ट लागन का रे भेटाले याले?'"

"मग?"

"मग काय, मी हसलो. बस सुटेपर्यंत हसत होतो."

उतरताना म्हणाले, "जातो मी. पोट्ट्यानं तरी कितीदा विचारावं?"

*

निरोपाला शाल-श्रीफळ झालं. साहू भैयानं त्या दिवशी पंडरीपासून ऑफिसपर्यंत हॉर्न वाजवला. दोघं गेले. माझ्या सीटवर आता कोणीही बसतं.

परवा निखिलचा फोन आला. अगदी मराठीत.

"काका, एक सांगू? बाबा इथं रोज सिटी बसनं लायब्ररीत जातात. शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात. कोणी बसाले आलं की म्हणतात, 'सॉरी, नेक्स्ट स्टॉप!' मी म्हटलं, बाबा, असं इथं चालत नाही. तर ऐकतच नाहीत."

"मग लोक भांडतात का?"

"नाही ना काका! आता तर ड्रायव्हरही पुढच्या स्टॉपवर दार उघडून जरा वेळ थांबते. कोणी येऊन राहिलं का, पाहते!"