तुरटीच्या पाण्यातले बटाटे

ती तक्रार घेतली ती सकाळ माझ्या मनातून आजही जात नाही. जळगावजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. रावेरकडचा एक केळी बागायतदार तावातावाने आला. त्याने पहिल्यांदाच बटाटा लावला होता. पुढच्या लागवडीसाठी आमच्या हद्दीतल्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेल्या त्याच्या साऱ्या गोण्या सडल्या होत्या.

दुपारी निनावी फोन आला. माल भरताना कोल्ड स्टोरेजच्या मशीन ऑपरेटरशी बागायतदाराचे भांडण झाले होते, म्हणून ऑपरेटरने मुद्दाम मशीन बंद ठेवले, अशी खबर. फोन कोणाचा, हे मी तपासले नाही. पन्नाशीच्या त्या ऑपरेटरला ठाण्यात आणले.

"साहेब, मशीन चालूच होतं. त्याच खोलीतला बठ्ठा, सगळा माल चांगला शे, फक्त यासना सडना, त्या बागायतदाराचा. गोण्या ओल्या होत्या. वाळवून आणा म्हटलं, म्हणून तर भांडण झालं!"

"मला शिकवतोस?" म्हणत मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याचे म्हणणे जबाबात घेतले नाही. रात्रभर बसवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी कृषी अधिकाऱ्यांना आणि तक्रारदाराला घेऊन कोल्ड स्टोरेजवर पंचनाम्याला गेलो. शेजारच्या थप्पीतले बटाटे टणक होते. तक्रारदाराच्या बटाट्यांवर कुदळीचे घाव आणि घावांत पांढरी बुरशी.

"आबा, भरण्याआधी काय केलं होतं?" अधिकाऱ्यांनी तक्रारदाराला विचारले.

"धुतला ना! केळीच्या हौदात, तुरटीच्या पाण्यात. केळी नाही का धुऊन भरत आम्ही? माल चमकायला नको?"

"केळी चार दिवसांत खपते, आबा. बटाट्याला महिनोन्‌महिने टिकायचं असतं. त्याला पाणी लावायचं नाही. कापलेला वेगळा काढायचा, बाकीचा आठ-दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरायचा. साल घट्ट झाली की कोरडाच भरायचा. ओल्या घावात बुरशी शिरते, आणि एका हौदातून सगळ्या मालाला लागते."

आबा गोणीवर बसले. "म्हणजे मीच सडवला?"

ऑपरेटरला सोडले. जाताना तो म्हणाला, "साहेब, मालकाला एवढं सांगा, माझी चूक नव्हती."

"बघू," म्हणालो. मालकाकडे गेलो नाही. गेलो असतो तर माझी चूक कबूल करावी लागली असती. पोलिसांनी नेलेला माणूस नको म्हणून मालकाने त्याला काढले.

स्वेच्छानिवृत्तीनंतर त्याला शोधत अमळनेरला गेलो. तो कूलर दुरुस्त करत होता. मी हळू आवाजात माफी मागू लागलो. त्याने मान वळवून दुसरा कान पुढे केला.

"ह्या कानमा बोला, साहेब. तो गया."

पहिल्याच दिवशी तो खरे बोलला होता. दोन्ही कान शाबूत असून ऐकले नव्हते ते मी.