सर स्पष्ट, बाप पुसट

त्या फोटोत सगळ्यांत छान आले होते ते क्लासचे सर, आणि ते फोटोत नव्हतेच. ते बाजूला माइकवर बोलत होते. आला होता तो मागच्या फ्लेक्सवरचा त्यांचा छापील चेहरा. मिशीचा केस न् केस मोजून घ्या. त्या मिशीच्या पुढे, स्टेजच्या मधोमध, धुराचे दोन लोट उभे होते. एक निलंग्याकडच्या खेड्यातली, सरकारी मेडिकलला नंबर लागलेली मुलगी. दुसरा, डोक्याला क्लासचा फेटा बांधलेला तिचा बाप.

लातुरात तेव्हा निकाल लागले की सत्कारांना हॉल पुरायचे नाहीत, आणि आम्हा फोटोवाल्यांना जेवायला वेळ मिळायचा नाही. एका हॉलमध्ये पन्नास सत्कार, पन्नास फोटो. त्यातला एखादा बिघडला तर कुणी मरत नाही, अशी माझी उदार विचारसरणी होती.

कॅमेरा गेल्या दसऱ्यापासून नखरे करत होता. उन्हात बरा असायचा. हॉलमध्ये शिरलं की लेन्स गुर्र करून पुढे जायची, गुर्र करून मागे यायची, थांबायची मात्र कुठेच नाही. मी सगळे इलाज केले. लेन्सवरचा खटका चुकून हाताच्या फोकसवर सरकलाय का ते पाहिलं. लेन्सच्या मागचे चकचकीत ठिपके खोडरबरनं घासले. बॅटरी काढून घातली. दोन चापट्याही मारल्या, आमच्या जुन्या टीव्हीला त्या लागू पडायच्या. मधला फोकसचा बिंदू काही केल्या धरेना, तेव्हा चिडून म्हणालो, बाबा, तुला हवा तो बिंदू धर! आणि निवड कॅमेऱ्यावरच सोपवली. त्याने सरांची मिशी धरली. पांढऱ्या फ्लेक्सवर काळीभोर मिशी, यंत्राला आणखी काय हवं? कॅमेऱ्याच्या मागच्या बोटभर स्क्रीनवर सगळेच देखणे दिसतात. मोठं करून बघायला मला सवड नव्हती.

सरांनी प्रिंट पाहिली आणि खूश झाले. "वा, फोटोवाले! भारी आलाय. फ्लेक्सला हाच द्या."

"सर, पुढचे दोघं जरा..."

"अहो, खाली नाव छापणारच आहोत की!"

तिसऱ्या दिवशी बाप स्टुडिओत आला. दोन्ही हातांत प्रिंट धरून दारापाशी उजेडात गेला. बराच वेळ बघत राहिला.

"ह्यो कोन?"

"तुम्ही."

"आन् ही?"

"तुमची मुलगी."

"तुमी सांगायलाव म्हनून मानायचं."

मी हसलो. आयुष्यात चुकीच्या जागी जितक्या वेळा हसलो, त्यात हे पहिल्या नंबरावर.

"हसू नका," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच वाईट. "आमच्या घरात भूकंपाच्या आदीचा एकबी फोटू न्हाई. माझ्या बापाचं तोंड कसं होतं, ते पोरीला दावता येत न्हाई मला. ते मातीनं नेलं. मातीवर काय रागवावं? पर ह्यो तुमी घालवलाव. आईतवारी पोरगी कॉलेजला चालली." प्रिंट टेबलावर पालथी ठेवून तो निघून गेला.

मला इतका राग आला की विचारू नका. खरं तर स्वतःचा यायला हवा होता, पण तो मला फार उशिरा येतो. आधी आला सरांचा, मग लेन्सचा, आणि मग ती जुनी लेन्स मला विकणाऱ्या नांदेडच्या चाचांचा. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. अहमदपूरपासून लोह्यापर्यंत शिव्यांची तालीम केली. शेजारच्या म्हाताऱ्याने लोह्याला जागा बदलली.

चाचांचं कॅमेरादुरुस्तीचं दुकान म्हणजे एक टेबल आणि एक दिवा. मी दारातूनच सुरू केलं, "ही असली लेन्स माझ्या गळ्यात मारलीत? एका माणसाचा फोटो गेला!"

"अरे बावा, पैले बैठो. पानी पियो. फिर गालियाँ दो."

त्यांनी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं. माझी लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्याला लावली. टिक! बारीक जाहिरातसुद्धा लख्ख. मग स्वतःची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावली. गुर्र, गुर्र. माझा आवाज एक पायरी उतरला. त्यांनी एकेक बिंदू तपासला. कडेचे धरत होते, मधला ठार आंधळा. मग लेन्स काढली, आतला आरसा वर उचलला आणि तळाशी, फोकस ओळखणारं नाजूक भिंग असतं तिथे, बॅटरीचा झोत टाकला.

"ये लाल-लाल क्या है?"

मी वाकून पाहिलं आणि माझी खंडेनवमी मला आठवली. हत्यारांची पूजा सगळेच करतात, कॅमेऱ्याचीही करतात, पण बाहेरून. मी शहाणा. म्हटलं, बॉडी एक हत्यार, लेन्स दुसरं. दोन्ही पाटावर वेगवेगळी मांडली, बॉडीचं उघडं तोंड वर करून. बायको म्हणालीही, "अहो, झाकण तरी लावा." मी म्हणालो, "देवापुढे झाकण?" आणि सढळ हाताने कुंकू वाहिलं.

चाचांनी फुंकणी घेतली, मऊ कुंचला घेतला. "पूजा करो ना, मैं भी रोज दुकान में अगरबत्ती घुमाता. लेकिन अंदर कायकू घुसे, बावा?" मग कॅमेरा माझ्या हातात देत डोळे मिचकावले. "लेन्स वापस करनी है?"

परतीच्या एसटीत मी सगळ्या शिव्या उलट्या क्रमाने स्वतःला दिल्या. पाठ होत्याच.

शनिवारी त्या बापाच्या गावात गेलो. भूकंपानंतर नव्याने वसवलेलं गाव, सगळी घरं एकसारखी. तो दारातच उभा होता.

"मशीन बरं झालं?"

"मशीन बरंच होतं. चूक माझी." मी कुंकवाची सगळी गोष्ट सांगितली, जरा रंगवूनच. मुलगी खुदकन हसली. तो हसला नाही.

"मंजी पूजेला येळ होता. आमाला बघायला न्हवता."

पिशवीतून कॅमेरा काढला. मी विचारलं, "फेटा बांधता?"

"त्यो क्लासचा होता. फोटू झाल्या झाल्या काढून घेतला."

तो उघड्या डोक्याने ओट्यावर बसला, मुलगी शेजारी. मधला बिंदू मी त्याच्या डोळ्यावर ठेवला. टिक! या वेळी स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, बुबुळापर्यंत. त्यालाही दाखवलं. त्याने वाकून पाहिलं. "हां. ह्यो मी हाय."

मी तो फोटो सरांनाही नेऊन दिला. म्हणाले, "यात आपला क्लास कुठे दिसतोय?" वर्षभर चौकात ते धुराचे लोट आणि ती मिशी लटकत राहिली. तिथून जायचं टाळायला मी लांबच्या रस्त्याने स्टुडिओ गाठायचो.

खरा फोटो बापाच्या घरी भिंतीवर आहे. मुलगी आता डॉक्टर झाली. निलंग्याकडे काम निघालं की मी डोकावतो, चहा मिळतो. फोटोत ती हसते आहे. बाप सरळ लेन्समध्ये, म्हणजे माझ्याकडे, बघतो आहे, आणि त्याच्या डोळ्यांतला राग इतका शार्प आलाय की चहा पिताना मी भिंतीकडे पाठ करून बसतो.