चटणीवरचा खटला

यंदा मी वर्षाची सगळी चटणी देऊन टाकली, आणि तीही पूर्ण शुद्धीत. (आमच्या कोल्हापुरात बाई एकवेळ हातातल्या पाटल्या काढून देईल, पण उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसणाची चटणी देणार नाही!)

झालं असं, की नवी बरणी उघडली आणि जेवताना माझे कान एकदम तापले. मग मान, मग डोकं. बघता बघता मी घामानं निथळले! समोर आमचे हे मजेत भाकरी मोडत होते.

"तुमास्नी काय हुईना व्हय?"

"काय हुयाचं? चटणी ब्येस हाय की!"

ब्येस म्हणे! मी तडक डंकावर गेले.

"कसली जहरी चटणी कुटलीसा ओ?"

"वैनी, मिरची तुमीच आणलीसा. म्या फकस्त कुटली!"

एवढ्यावर मी त्याच्या दुकानात ढसाढसा रडले. मी! जी स्वतःच्या लग्नात पाठवणीलाही रडली नव्हती! डंकवाला घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

त्याच दिवशी सगळ्या बरण्या कुरुंदवाडला थोरल्या जाऊबाईंकडे रवाना झाल्या. घरात मुगाची खिचडी आणि दूधभात सुरू झाला. ह्यांचा चेहरा सुतकात असल्यासारखा. आणि दूधभाताच्या दुसऱ्याच घासाला मला पुन्हा घाम! मी उठून फ्रीज उघडला आणि डोकं आत घातलं.

"आगं," हे मागून हादरून म्हणाले, "दूधभातबी तिखट लागाय लागला व्हय?"

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. काहीतरी भयंकर झालंय, आपण काही वाचत नाही, असं समजून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी वय विचारलं, पाळीचं विचारलं, तपासलं आणि हसल्या.

"अहो, पाळी जायची वेळ आलीय. अशा गरम वाफा येतात, झोप उडते, उगाच रडू येतं. सुती कपडे घाला, रोज चाला. फारच त्रास झाला तर औषध आहे."

मी थक्क! आईनं नाही, सासूबाईंनी नाही, कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. रागच आला मला. घरी येऊन जाऊबाईंना फोन लावला.

"अक्का, तुमाला पण झालंतं ह्ये?"

"झालंतं की! म्या आपली चुलीला शिव्या घालत हुते."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. चटणी परत आली. ह्यांनी बरणीला हात जोडले आणि भाकरीवर तेल-चटणी घेऊन बसले.

आणि मी? निघताना डॉक्टरीणबाई शेवटचं एक बोलल्या होत्या, "तिखट मात्र बेतानं हं, त्यानं वाफा वाढतात."

म्हणजे चटणीवरचा गुन्हा थोडाफार शाबीत झालाच! फक्त शिक्षा मला झाली. बरणी सुटली, आणि दूधभात अजून मीच खातेय!