काळुरामची गाठ आणि सीताबाईची पूड

वडखळजवळच्या मिठागरात काळुराम पस्तीस वर्षं राबला, पण दारूच्या थेंबाला कधी शिवला नाय. हळदीला अख्खा गाव झिंगायचा, तेव्हा एकेकाला खांद्यावर टाकून घरी पोचवायचं काम याच्याकडं. लोकांच्या ओकाऱ्या अंगावर घेऊन घेऊन त्याला त्या वासाचीच शिसारी बसलेली.

अशा माणसाच्या पोटात गाठ निघाली. पेणच्या डॉक्टरनं सोनोग्राफीचा कागद बघितला, गाठ स्वादुपिंडाची आहे म्हणाला आणि विचारलं, "रोज किती घेता?"

"घेत नाय."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर गालात हसला.

झालं! स्वादुपिंडानं गावातले तीन बेवडे गेलेले. चौथा कोण, ते दुसऱ्या दिवशी नाक्यावर ठरलंसुद्धा. ज्यांना यानं उचलून नेलं तेच दात काढून म्हणाले, "छुपा रुस्तम हाय." मेल्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटायचं त्याला. पण जगाच्या तोंडाला हात कोण लावणार? बायकोनं, सीताबाईनं, तेवढा आपला शब्द खरा मानावा, एवढंच त्याला हवं होतं.

"गो, तू सांग, कधी वास आला माझ्या तोंडाला?"

"नाय, अवो," ती म्हणायची आणि नजर चुकवायची.

त्यात उलट्या लागल्या. जेवला की हिरवं, कडू पाणी. कपडे अंगावर लोंबायला लागले, तेव्हा मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घातली, जठरातून सुई टोचून गाठीतला ऐवज ओढला. नासलेल्या खरवसासारखा पांढरा लगदा. तपासणीत कळलं, अशी गाठ लाखात एखाद्याला होते. कॅन्सर नाय, दारूशी संबंध नाय. कापायचीही गरज नाय, मधूनमधून फोटो काढून लक्ष ठेवायचं.

"पण उलट्या या गाठीच्या वाटत नाहीत," बाई म्हणाल्या. "दुसरं काही औषध घेता?"

काळुरामनं नाही म्हणून मान हलवली. सीताबाई रडायला लागली. रोह्याच्या बाजारातून तिनं दारू सोडवायची पूड आणलेली. दोन महिने ती त्याच्या कालवणात मिसळत होती.

"तुमच्या जिवासाठीच केलं, अवो."

नाक्यावरच्यांचा राग त्याच्या मनातून तिथंच गेला. आता बायकोची आली, इतकी किळस त्याला त्यांचीही कधी आली नव्हती.

घरी तिनं जिताडा माशाचं कालवण केलं, ताट पुढं ठेवलं. "खा, काय नाय घातलं त्यात."

"आधी तू खा," तो म्हणाला.

तिनं त्याच्यासमोर दोन घास खाल्ले. तो बघत राहिला. मग उठला आणि चुलीवर स्वतःपुरता भात टाकला.