वहिनीची घोंगडी

वहिनी आज सकाळी गेली. अंगावर तीन ब्लँकेट होती, तरी पाय गारच होते.

मी चोळत बसलो होतो. ऐंशीच्या घरातल्या दिराने पंच्याऐंशीच्या भावजयीचे पाय चोळायचे. हात भरून आले.

नातू म्हणतो, आजोबा पोस्ट टाका, लोकांना कळेल. काय कळणार? पण टाकतो.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. खानदेशातलं आमचं प्रकाशा गाव. मला पोलिसात जायचं होतं आणि भरतीला रनिंग होतं.

शिकलेला बेताचा. पास झालो तर शिपाई, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या केळीला पाणी.

प्रॅक्टिस पहाटे, तापीच्या काठाने. पौषातली थंडी. नदीवरचा वारा बरगड्या मोजायचा.

वहिनीला दया आली. घरचा कापूस पिंजून आणला आणि दुलईसारखी जाड बंडी शिवली. कापूसवाल्यांच्या घरात थंडीला दुसरं औषधच माहीत नव्हतं.

बंडी झकास. पण पळताना घाम आला की सगळा कापूस प्यायचा. थांबलो की ओलं गाठोडं छातीला चिकटायचं, वर नदीचा वारा.

पंधरा दिवसांत छाती भरली. भरतीच्या दिवशी मी खाटेवर.

वहिनी उशाशी बसून रडत होती. "मन्हाच हाते तू आजारी पडना, भाऊ."

मी रागात तोंड फिरवलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षीची भरती शेवटची. त्यानंतर वय उलटणार होतं.

त्या हिवाळ्यात वहिनीने ट्रंक उघडली. आत तिच्या बापाने लग्नात दिलेली काळी घोंगडी होती. पहाटे केळीला पाण्याचं बारं द्यायला जाताना ती तीच पांघरायची.

तिने कात्री लावली.

दादा, माझा थोरला भाऊ, तिच्यावर ओरडला, "येडी व्हयनी का तू?"

ती म्हणाली, "लोकर घाम पेत नही. ठेलारी मेंढरासमांगे पावसाम्हा बी घोंगडीवरच फिरस."

बिनबाह्यांची आखूड बंडी. कानाला दादाचा मफलर. हाताला जुन्या धोतराच्या पट्ट्या. एवढंच.

मी म्हणालो, थंडी वाजतेय.

"निंघताना वाजालेच जोयजे. दोन फर्लांग पयना का आंग तपी जास."

आणि मी परत येईपर्यंत ती काठावर उभी. कोरडा सदरा पदराखाली, पोटाशी धरलेला. मी आलो की आधी ओलं काढायला लावायची. तो सदरा भाकरीसारखा उबदार असायचा.

स्वतःच्या डोक्यावर मात्र पोत्याची खोळ.

सिलेक्शन झालं. घर उभं राहिलं, पोरं शिकली. सगळं त्या बंडीवर.

पहिल्या दिवाळीला म्हणालो, "वहिनी, तुला नवी घोंगडी आणतो."

"माले कोठे थंडी वाजस, भाऊ?"

दरवर्षी मी विचारायचो, दरवर्षी ती हेच म्हणायची. साड्या आणल्या, मिक्सर आणला, तीर्थयात्रा घडवली. घोंगडी राहिली.

खरं सांगू? तिचं ते उत्तर माझ्या सोयीचं होतं. नोकरीभर लोकांचं खोटं पकडलं, घरातलं एवढं एक सोडून दिलं.

नातवाकडे रनिंगचं थर्मल आहे, ग्लोव्ह्ज आहेत, घाम न धरणारं जॅकेट आहे. कंपन्यांना कळलं ते वहिनीला तेव्हाच कळलं होतं. फक्त तिला त्यासाठी माझी एक भरती जावी लागली आणि तिची घोंगडी.

काल संध्याकाळी ती शुद्धीत होती. मी विचारलं, वहिनी, काय हवंय?

पहिल्यांदाच म्हणाली, "भाऊ, थंडी वाजी ऱ्हायनी."

नातवाला बाजारात पिटाळलं. तो ब्लँकेट घेऊन आला. घोंगडी कुठे मिळते आता.

मग मीच उठलो. माझ्या ट्रंकेच्या तळाशी ती बंडी होती, कसरीने खाल्लेली. तिच्या पायांवर घातली.

एकच पाय झाकला गेला.

वहिनी, दमलो गं. काठावर उभी राहू नकोस आता, थंडी फार आहे. घरी जा.

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.