विहाराचं छप्पर आणि कुरकुंभची करवत

कुरकुंभला सहलीला कुणी जात नाही. आम्हीही सहलीला नव्हतो गेलो, टेम्पोभर सागाचे वासे घेऊन गेलो होतो. तरी यंदाच्या सगळ्या प्रवासांत मला तोच जास्त आवडला, म्हणून लिहितेय.

झालं असं. शिरूरला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि छपराचं काम रघूमामांनी घेतलं. मामा आमच्या भागातले जुने सुतार. लाकडी कैच्या, म्हणजे छपराखालचे तिकोनी सांगाडे, करण्यात हयात गेलेली. काम घेतलं आणि नेमका त्यांचा उजवा खांदा धरला. करवत जरा ओढली की हात खाली यायचा. दुसऱ्या सुताराला काम द्यायला ते तयार नव्हते आणि बुद्धपौर्णिमा तर जवळ येत होती. मी शाळेत शिकवते, विहाराच्या समितीवरही आहे. काय करावं सुचत नव्हतं. तेवढ्यात कुरकुंभला नोकरी करणारे माझे दीर म्हणाले, "आमच्या शेजारच्या कारखान्यात कॉम्प्युटरवरची करवत आलीय. माप द्यायचं, लाकूड आपोआप पुढं सरकतं, पाहिजे त्या कोनात कापून बाहेर. विहाराचं काम म्हटल्यावर मालक एक दिवस देतील."

"आन् चुकलं तर धरायचं कुणाला? कॉम्पुटरला?" मामांनी विचारलं. पण निघायच्या दिवशी टेम्पोत सगळ्यांच्या आधी तेच येऊन बसले.

न्हावऱ्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढे खड्डे. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर शांत बसा, पर्याय नाही. पारगावला भीमा ओलांडून चौफुल्याला सोलापूर हायवे लागला तेव्हा कुठे टेम्पोने वेग घेतला. पाटसला मिसळ खाल्ली. झणझणीत आहे, सोबत ताक मागून घ्या. मामांनी मात्र नुसता चहा घेतला.

"पोटात काही नको का, मामा?"

"आज घास उतरायचा न्हाई बाई. त्या मशिनीनं सगळंच केलं, तर मी तिथं कशाला हाय?"

मी माझ्यातलं थोडं ताक त्यांच्यापुढे सरकवलं.

कुरकुंभ आधी नाकाला कळतं. कारखान्यांचा उग्र वास, पाळी सुटलेल्या कामगारांची गर्दी. आम्ही गेलो त्या कारखान्यात मात्र ताज्या लाकडाचा वास होता. करवत मला वाटली होती तशी अक्राळविक्राळ नव्हती. रुळांची लांब वाट, मध्ये बंद पेटी, शेजारी कॉम्प्युटर. चालवणारे लल्लनभैया बिहारचे. मामांनी मापं सांगितली, त्यांनी ती टिपून घेतली. आधी एकाच कैचीची लाकडं कापायचं ठरलं. वासा सरकला, थांबला, पेटीत पातं तिरकं झालं आणि तुकडा बाहेर. मी अजून पाहतेय तोवर सगळे तुकडे तयारही झाले.

जमिनीवर ते जुळवले आणि जुळेनात! वाशांचे पाय खाचेत बसवले की शेंड्याचा सांधा लागेना, शेंडा जुळवला की पाय खाचेबाहेर. मामांचा चेहरा जरा खुलल्यासारखा वाटला मला.

"चुकली तुमची मशिन," ते म्हणाले.

लल्लनभैयांनी टेप लावून दाखवला. "चाचा, मशीन अपने मन से कुछ नहीं करती. आपने जो बोला, वही काटा."

मामा वाकले. स्वतःच्या टेपने एकेक तुकडा मोजला, मग पुन्हा मोजला आणि खालीच बसले. हाताने कापताना पुढे तासायला लागतं म्हणून ते दरवेळी माप सूतभर, इंचाचा आठवा भाग, वाढवून धरत. इथेही सवयीने तसंच सांगितलं होतं. ते एकदम हसायला लागले. "आमच्या घरात सुद्धा माझं इतकं कुणी ऐकलं न्हाई कधी!"

लल्लनभैयांना सगळं कळलं नसावं, पण तेही हसले. तुकडे लांबच निघाले होते, त्यामुळे वाया काही गेलं नाही. सूत वजा केलं, दुसऱ्यांदा कापलं, आणि सांधा असा बसला की मामा त्यावरून अंगठा फिरवतच राहिले.

मग दिवसभर काम चाललं. खरं तर करवतीला वेळ लागतच नव्हता, वेळ लागत होता तो आमच्या माणसांना लाकूड चढवायला. तुम्ही कधी नेणार असाल तर एका मापाचे वासे एकत्र बांधून न्या, आणि जुने असतील तर खिळे घरीच काढा. वाकडे वासे मामा स्वतः बाजूला काढत होते. दुपारी त्यांनी कँटीनमध्ये दोन भाकऱ्या खाल्ल्या. उन्हं कलली तेव्हा सगळ्या कैच्यांची लाकडं टेम्पोत होती. हाताने या कामाला महिना गेला असता.

येताना दौंडला भेळ घेतली. इनामगावच्या फाट्यावर घोडनदीकडून गार वारा आला आणि मामा बसल्या जागी झोपले.

छपराच्या दिवशी सगळी वस्ती जमली. आजवर प्रत्येक छपराला वर बसून सांधे तासायचं काम मामांचंच असायचं. या वेळी तासायला काही नव्हतंच. खाली जोडलेली एकेक कैची पोरं दोरांनी वर चढवत होती आणि ती बिनबोभाट जागेवर बसत होती. मामा खाली अंगणात उभे होते, बराच वेळ मान वर करून.

"खालनं असं दिसतं व्हय छपार?" ते म्हणाले. "मी कवा बघितलंच न्हवतं."